इतिवृत्तात उतरणारे बोलणे

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की आधी डोलवीचा पोलाद कारखाना लागतो आणि मग गडब. एका अंगाला अंबा नदीची खाडी आणि खारेपाटातली भातशेती, दुसऱ्या अंगाला महामार्ग, रेल्वे आणि कारखानदारी, अशा पट्ट्यात राहणाऱ्या माणसावर चारचौघांत बोलायची पाळी किती वेळा येते, याचा विचार संवादकौशल्याचे अभ्यासक्रम आखणारे सहसा करत नाहीत. ग्रामसभेत पाण्याचा, रस्त्याचा, घरपट्टीचा प्रश्न असतो. बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले तर भरपाईसाठी तहसील कार्यालयात उभे राहावे लागते. भूसंपादनाची नोटीस आली तर हरकतीवर सुनावणी होते. मोठ्या कारखान्याचा विस्तार व्हायचा असला तर जनसुनावणी भरते. याच गावातला तरुण किंवा तरुणी पेण, नागोठणे किंवा रोह्याच्या महाविद्यालयात जाते तेव्हा ‘कम्युनिकेशन स्किल्स’ या नावाखाली मुलाखतीला कसे बसावे आणि अर्जाचा मायना कसा असावा हे शिकते. आणि वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलेच तर ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर पाठ केलेले भाषण करून येते. यात वाईट काही नाही. पण ज्या ठिकाणी तिच्या बोलण्याने काही घडू किंवा बिघडू शकते, त्या सगळ्या जागा या शिक्षणातून गळाल्या आहेत.

गावाजवळच्या सामुदायिक महाविद्यालयात संवाद आणि सार्वजनिक भाषण हा विषय शिकवायचा असेल तर तो सभेतले म्हणणे नोंदीपर्यंत पोहोचवण्याची विद्या म्हणून शिकवावा, असे माझे मत आहे. भाषण संपल्यावर टाळ्या किती पडल्या हे मोजण्यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिले गेले हे पाहावे. हे मत अनेकांना कोरडे वाटेल. वक्तृत्व म्हटले की आपल्याला भरलेले मैदान आठवते, ग्रामपंचायतीची नोंदवही आठवत नाही. म्हणूनच ते पुराव्यानिशी मांडायला हवे, आणि पुरावा शोधायला रायगड जिल्ह्याबाहेर फारसे जावेही लागत नाही.

सुरुवात जनसुनावणीपासून करू, कारण तिचे नियम छापलेले आहेत आणि ते वाचले की बोलणाऱ्याच्या हातात काय असते ते कळते. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हादंडाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसलेला अधिकारी असतो. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची आणि खुलासा मागण्याची संधी द्यावीच लागते, सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते, आणि शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी मांडल्या गेलेल्या मुद्द्यांचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवतो. त्या वाचनात एखादा मुद्दा चुकला असेल तर तो तिथेच, त्या क्षणी दुरुस्त करून घेता येतो. आणखी एक कलम आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते : या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी ती सुनावणीच. म्हणजे मांडव किती भरला याला कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही, गोषवाऱ्यात किती मुद्दे कोणत्या शब्दांत गेले याला आहे. ‘आम्हाला हा प्रकल्प नको’ हे वाक्य पाचशे जणांनी पाचशे वेळा उच्चारले तरी नोंदीत त्याची बहुधा एकच ओळ होते. ‘पावसाळ्यात अमुक नाल्याचे पाणी बांधाच्या तमुक उघाडीकडे (पाणी सोडायच्या दाराकडे) येते, अहवालात त्या उघाडीचा उल्लेख नाही, याचे उत्तर द्यावे’ हे एकीने म्हटले तर त्याला प्रकल्पवाल्यांना लेखी उत्तर द्यावे लागते. दोन्ही वाक्यांमागची तळमळ सारखीच असेल. दुसऱ्याला तयारी लागते, आणि ती तयारी शिकवता येते.

भूसंपादनाचेही तसेच. १८९४ च्या कायद्यातल्या कलम ५-अ नुसार हरकत घ्यायला ३० दिवस मिळत, हरकत लेखी द्यावी लागे आणि हरकतदाराला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळे. २०१३ च्या नव्या कायद्यात ही मुदत ६० दिवसांची झाली. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या महामुंबई सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, त्यासाठीच्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात मोर्चे निघाले, सभा झाल्या, एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी रान उठवले. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत जिल्हा प्रशासनाने जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत मतपत्रिकेवर घेतले. प्रकल्पासाठी लोकांचा कौल घेण्याची ही आपल्याकडची दुर्मिळ घटना. तिच्या आठवणींत सभा आणि घोषणाच अधिक राहिल्या आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. तरी घोषणेला कागदाची जोड नसती तर मतपत्रिकेपर्यंत गाडी गेली असती का, हा प्रश्न या विषयाच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारून पाहावा.

याहून जुने आणि याहून बोलके उदाहरण महाडचे आहे. चवदार तळे म्हटले की १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण आठवते, ते योग्यच. पण त्या भाषणाआधीची आणि नंतरची कागदपत्रे पाहिली तर वक्तृत्व कशावर उभे असते ते स्पष्ट दिसते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे परिषदेतला समुदाय तळ्याकडे गेला तो ठरावाने आधीच मान्य झालेला हक्क बजावायला, कुणाची दया मागायला नाही. विरोधकांनाही कागदाचे मोल कळत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला आणि तळे खासगी असल्याचा दावा घेऊन मंडळी न्यायालयात गेली. तो वाद मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये मिटला, आंबेडकरांच्या बाजूने. १९२३ ते १९३७ अशा चौदा वर्षांच्या साखळीत ते भाषण ही एक कडी आहे, सर्वात तेजस्वी कडी म्हणा हवे तर. पण तिच्या दोन्ही टोकांना ठराव आणि निकालपत्रे अडकवलेली आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र ती एकच कडी उचलून काचेच्या कपाटात ठेवली.

चरीचा शेतकरी संप याच पठडीतला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी झालेल्या सभेत खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन न कसण्याचा निर्णय झाला आणि पंचवीस गावांनी तो १९३९ पर्यंत पाळला. नारायण नागू पाटलांचे नेतृत्व, १९३४ मधली आंबेडकरांची चरीतली सभा, १९३७ मध्ये आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक, त्याच वर्षी अलिबागला सुरू झालेले ‘कृषीवल’, आणि १९३९ चा मुंबई प्रांताचा कूळ कायदा हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे. उपाशीपोटी सहा वर्षे निर्णयावर टिकून राहणे भाषणाने साधत नाही. ते निर्णय सगळ्यांनी मिळून केला आणि तो सगळ्यांना सारखाच समजला, यामुळे साधते. ही समज तयार करणे हे सार्वजनिक संवादाचेच काम आहे, आणि स्पर्धेच्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो.

इथे एक आडवळण घेणे भाग आहे, कारण जिल्ह्याची मौखिक परंपरा म्हटली की सभेच्या आधी प्रवचन आठवते. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे. नानासाहेब धर्माधिकारी रेवदंड्याचे. एकाच जिल्ह्यातल्या या तिघांचे बोलणे महाराष्ट्रातली आणि महाराष्ट्राबाहेरची लाखो माणसे वर्षानुवर्षे एका जागी शांत बसून ऐकत राहिली. ऐकण्याची ही शिस्त मोठे भांडवल आहे आणि तिला नावे ठेवण्यात शहाणपण नाही. मात्र प्रवचनात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात, मध्येच उठून कुणी ‘हे मला पटत नाही’ असे म्हणत नाही. ग्रामसभेचे गणित उलटे आहे. तिथे ऐकणारा पुढच्या क्षणी बोलणारा व्हायला हवा. प्रवचनाची सवय घेऊन ग्रामसभेत बसले की सरपंच बोलतात, ग्रामसेवक वाचतात आणि बाकीचे माना डोलावून घरी जातात. तरीही विनोबांचे उदाहरण या विषयाच्या विद्यार्थ्याला फार कामाचे आहे, आणि ते वेगळ्याच कारणासाठी. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली. श्रोत्यांत शिकलेले होते, न शिकलेलेही होते. बोलणे हवेत विरून गेले असते. ते राहिले, कारण समोर बसलेल्या साने गुरुजींनी ते टिपून घेतले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक जेवढे बोलणाऱ्याचे तेवढेच लिहून घेणाऱ्याचे आहे. म्हणून भाषण शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात अर्धा वेळ टिपणाला द्यावा असे मी म्हणेन. दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत चार ओळींत लिहिता येणे हे कौशल्य भाषणापेक्षा कठीण आहे, आणि ते ज्याला येते त्याचे स्वतःचे बोलणेही आपोआप आटोपशीर होते.

हे शिक्षण सामुदायिक महाविद्यालयातच का द्यावे? अमेरिकेत या प्रकारच्या संस्थांची सुरुवात १९०१ च्या जोलिएट ज्युनियर कॉलेजपासून मानतात. १९१४ मध्ये अमेरिकेतल्याच सतरा प्राध्यापकांनी इंग्रजीच्या शिक्षकांपासून वेगळे होऊन सार्वजनिक भाषण शिकवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना काढली, तेव्हापासून हा विषय साहित्याच्या शेपटाला बांधलेला राहिला नाही. भारतात १९९० च्या दशकात पुदुच्चेरी आणि चेन्नईत सामुदायिक महाविद्यालये उभी राहिली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी योजना आणली. महाराष्ट्रात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने वय आणि आधीचे शिक्षण यांच्या अटी सैल करून शिक्षणाची दारे उघडली होतीच. या संस्थांचा गुण असा की त्यांच्या वर्गात अठरा वर्षांची मुलगी, कंत्राटी कामगार, बचतगटाची अध्यक्ष आणि ग्रामपंचायतीची नवी सदस्य एका बाकावर बसू शकतात. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के जागा राखीव आहेत. निवडून आलेल्या सदस्येला ठराव मांडायचा असतो, हरकत घ्यायची असते, ‘हे इतिवृत्तात घ्या’ असे ठासून सांगायचे असते. तिला हे कोण शिकवणार? विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिच्या उपयोगाचा नाही, आणि एक दिवसाचे सरकारी प्रशिक्षण पुरत नाही.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला पोटापाण्याचा. मुलांना नोकरी हवी आहे, ग्रामसभा नको. त्यांना इंग्रजी बोलायला शिकवा, असे पालक म्हणतात, आणि त्यांना हसणे सोपे असले तरी अन्याय आहे. कौशल्य अभ्यासक्रमांत ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा, अशी विभागणी विद्यापीठ अनुदान आयोगानेच घालून दिली; भाषणाला त्या ४० टक्क्यांत जागा आहे. पण मी त्याहून पुढे जाऊन म्हणेन की कारखान्यातही याच विद्येला मागणी आहे. पाळी बदलताना मागच्या पाळीतल्या माणसाने पुढच्याला यंत्राचे काय बिघडले, काय तात्पुरते चालवले, कशाला हात लावायचा नाही हे दोन मिनिटांत सांगायचे असते आणि वहीत लिहायचे असते. काम सुरू होण्याआधीची सुरक्षेची सूचना वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांना कळेल अशी द्यायची असते. डोलवीच्या कारखान्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. एवढ्या पसाऱ्यात अर्धवट सांगितलेल्या एका वाक्याची किंमत काय असू शकते हे पोलाद कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारावे. मुलाखतीतले इंग्रजी नोकरीच्या दारापर्यंत नेते. आत गेल्यावर क्रमवार, थोडक्यात आणि पडताळता येईल असे बोलणे लागते, मग ते कोणत्याही भाषेत असो.

दुसरा आक्षेप बोलीचा. आगरी किंवा कोळी घरातून आलेल्या मुलीने आधी शुद्ध बोलायला शिकावे आणि मग भाषण, असा हट्ट अनेक शिक्षकांचा असतो. याचा परिणाम एवढाच होतो की जी मुलगी बाजारात गिऱ्हाइकाशी भावावरून अर्धा तास वाद घालते तीच वर्गात तोंड उघडत नाही. तिच्याकडे युक्तिवाद आहे, हजरजबाबीपणा आहे, समोरच्याच्या कमकुवत बाजूवर नेमके बोट ठेवण्याची नजर आहे. तिला नसलेली गोष्ट म्हणजे तोच युक्तिवाद कागदावर प्रमाण मराठीत उतरवण्याची सवय. तेव्हा बोलणे तिच्या बोलीत होऊ द्यावे आणि लिखाण प्रमाण भाषेत करून घ्यावे. दोन्ही एकाच तासात, एकाच मुद्द्यावर. जनसुनावणीच्या नियमांतही बोलणाऱ्याने प्रमाण मराठीत बोलावे असे कुठे म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप जुना आहे : वक्ता जन्मावा लागतो. दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो असे सांगणारे सुभाषित मराठी शाळांच्या भिंतींवर अजून रंगवलेले दिसते. त्याची खरी अडचण अशी की ते खरे मानले तरी आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते, आणि वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या शंभरांत दहा जणांना आपले म्हणणे दोन मिनिटांत मांडता आले तर सभेचा नूर बदलतो. त्यासाठी दहा हजारांतला एक लागत नाही. कीर्तनकाराने पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान अशी बांधणी शेकडो वर्षे शिष्यांना शिकवूनच टिकवली. ती जन्मजात असती तर कीर्तनाच्या पाठशाळा कशाला निघाल्या असत्या?

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो. लोक कितीही नेमके बोलले तरी निर्णय आधीच झालेला असतो, सुनावणी हा उपचार आहे, मग कशाला हा खटाटोप? याला गुळगुळीत उत्तर देणे बरे नव्हे. जनसुनावणीत मतदान होत नाही आणि तिचा कौल कुणावर बंधनकारक नसतो, हे खरेच आहे. अनेक ठिकाणी ती उरकली जाते, हेही खरे. पण नोंद झालेले म्हणणे तिथेच संपत नाही. मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे ते जाते, आणि पुढे दाद मागायची वेळ आली तर न्यायाधिकरण तेच कागद आणि तेच चित्रीकरण उघडते. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने छत्तीसगडमधल्या रायगड जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली ती २००८ मधली जनसुनावणी नियमांप्रमाणे झाली नाही याच कारणावरून. नावाचा योगायोग सोडा. लक्षात घ्यायचे ते हे की चार वर्षांनंतरही त्या एका दिवसाचे बोलणे, आणि बोलू न देणे, पुरावा म्हणून जिवंत होते. तेव्हा नोंद म्हणजे विजय नव्हे, हे मान्य करूनही नोंदीशिवाय पुढची कोणतीच पायरी चढता येत नाही, एवढे म्हणता येते.

आणि चलाख बोलणारे पुढारी तयार होतील ही भीती? ती निराधार नाही. भाषणाच्या शिकवणीतून फक्त बोलणारे बाहेर पडले तर तसेच होईल. म्हणून वर्गात प्रत्येक भाषणानंतर प्रश्नांना भाषणाइतकाच वेळ हवा, आणि गुण भाषणाला जितके तितकेच प्रश्नालाही. फसवा आकडा ओळखणे, ‘सगळे म्हणतात’ या शब्दांमागे नक्की किती जण आहेत हे विचारणे, न पटलेले म्हणणेही प्रामाणिकपणे टिपणे, या सवयी लागलेल्या शंभर श्रोत्यांपुढे चलाखी फार वेळ टिकत नाही.

परीक्षेचा प्रश्न उरतो, कारण आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते शिकवले जात नाही. या विषयाची परीक्षा सभागृहात माइकसमोर घेऊ नये असे मी सुचवीन. विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या एका ग्रामसभेला बसवावे. त्याने तिथे एक मुद्दा तीन मिनिटांच्या आत मांडावा, सभेचे स्वतःचे टिपण करावे, आणि नंतर ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, तोही गुणांत धरावा. मग शिक्षकाने दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत : विद्यार्थी काय बोलला आणि नोंदीत काय आले. मुद्दा नोंदीत आला नसेल तर का आला नाही, मांडणी ढिली होती की लिहिणाऱ्याने टाळला, याचे एक पानी विश्लेषण हीच उत्तरपत्रिका. टाळण्यात आलेल्या मुद्द्यासाठी गुण कापू नयेत. तो मुद्दा पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठीचा अर्ज जोडलेला असेल तर उलट वाढवावेत.